लॉकेटवरचा आयरिश मजकूर वाचायचाय: 'ब्रीद ओ शॉन' हे नाव आहे का?

वैदेही_ठाणे
मुलाच्या सासरकडचं (आयर्लंड, काउंटी केरी) एक चांदीचं लॉकेट आहे. विहीणबाईंच्या पणजीचं. गोल, व्यास २८ मिलिमीटर, बिजागरीचं झाकण. पाठीवर तीन ओळी आणि झाकणाच्या आत कडेने गोल फिरलेली एक ओळ. घरातली समजूत अशी की पणजीचं नाव 'ब्रीद ओ शॉन' आणि आतली ओळ म्हणजे तिच्या मृत्यूची नोंद, कारण शेवटी १९२३ आहे. घरात आयरिश कोणालाच धड येत नाही. भाषांतराच्या ॲपला फोटो दाखवला तर दर वेळी निराळं उत्तर.
मला दिसलेली अक्षरं: पहिली ओळ डी-ओ, मग बी-पी-आय-झेड-आय-डी. दुसरी ओळ एल-ई, मग झेड-पी-ए-डी, मग ७ हा आकडा, मग एम-ई-ए-आर. तिसरी ओळ ओ, एस-ई-ए-एन, एन-ओ-डी-एल-ए-आय-झेड, १९१७.
आत चार छोटे शिक्के आहेत, त्यात एक जहाजाचा नांगर. म्हणून घराण्यात कोणी खलाशी असावा असं विहीणबाई म्हणतात. चांदी काळी पडलीय, आधी टूथपेस्टने घासून घेऊ का?

चहाटळ
आयरिश म्हणजे इंग्रजीच ना, जरा गाऊन म्हटलेली?

टांकसाळ
वैदेहीताई, घासू नका! टूथपेस्ट, राख-चिंच, रांगोळी, काहीही नाही. खोदकामाच्या खाचांत बसलेला काळा थर हीच तुमची शाई आहे. वरची चांदी उजळ आणि खाच काळी असली की अक्षर दिसतं. शंभर वर्षांच्या हलक्या खोदकामाची खोली केसाएवढी असते, दोनदा घासलं की बारीक टिंबं आधी जातात. प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) दाबून ठसाही घेऊ नका, त्यात बहुधा गंधक असतं आणि चांदी आणखी काळवंडते. पाण्यात तर अजिबात नाही. लॉकेटमध्ये काचेखाली केस किंवा फोटो असेल तर ओल आत शिरते आणि बाहेर येत नाही.

फोटो असा काढा. खोलीत अंधार करा, फ्लॅश बंद, फोन पुस्तकांच्या थप्पीवर स्थिर ठेवा. छोटी टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून, दहा-पंधरा अंशांवरून, एका बाजूने मारा. एक फोटो झाला की लॉकेट आणि फोन तसेच ठेवून फक्त टॉर्च पाव वर्तुळ फिरवा. असे निदान चार फोटो, आठ झाले तर उत्तम. प्रकाशाला समांतर गेलेली रेघ दिसत नाही, आडवी गेलेली दिसते, म्हणून एकाच फोटोवर विसंबू नका. ओरखडा आणि खोदकाम यांतला फरकही यातच कळतो. छिन्नीचं टिंब त्रिकोणी खळगा असतो, त्याची सावली टॉर्चबरोबर फिरते. ओरखड्याला खोलीच नसते, तो एखाद्या कोनात पार गायब होतो.

केरी_कट्टा
टांकसाळ यांच्या प्रतिसादाला दंडवत. नवे फोटो येईपर्यंत अक्षरांबद्दल लिहितो.

हे 'क्लो गेलख', म्हणजे आयरिश भाषेचं जुनं वळण. छपाईत १९६० च्या दशकापर्यंत चाललं. पारंपरिक वर्णमालेत अक्षरं फक्त १८. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीतच. म्हणजे तुम्हाला दिसलेला प्रत्येक 'झेड' चुकीचा आहे. तो जी आहे. या वळणातला जी म्हणजे शिरोरेघेखाली लटकवलेला अवग्रह. टी म्हणजे शिरोरेघेखालचा सी. डीची दांडी सरळ वर न जाता डावीकडे वाकते. एफ ओळीच्या खाली उतरतो.
सगळ्यांना फसवणारी जोडी आर आणि एस. दोघांनाही खाली उतरणारा लांब पाय असतो. एसचा खांदा उजवीकडे थोडासा झुकून तिथेच थांबतो, म्हणून तो आपल्याला आर वाटतो. खऱ्या आरचा खांदा वळून पुन्हा खाली येतो, म्हणून तो पी किंवा एन वाटतो. नियम सोपा: 'आर' वाटला तर एस घेऊन बघा, 'पी' वाटला तर आर.
अशा रीतीने तुमचा झेड-पी-ए-डी झाला जी-आर-ए-डी आणि एम-ई-ए-आर झाला एम-ई-ए-एस.

आता मुख्य प्रश्न. कुठल्या अक्षरांच्या डोक्यावर टिंब आहे? आणि स्वरांवर तिरकी रेघ आहे का? टिंब व्यंजनावर येतं, रेघ स्वरावर, आणि या दोन्हींवर अर्थ ठरतो. टिंब म्हणजे आपला अनुस्वार नव्हे. काम साधारण नुक्त्यासारखं, उच्चार बदलायचं, फक्त हे वर बसतं. नऊ व्यंजनांवर येऊ शकतं: बी, सी, डी, एफ, जी, एम, पी, एस, टी. आजच्या लेखनात टिंबाऐवजी त्या अक्षरापुढे एच लिहितात.

मोडीवाला
हे मोडी वाचणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. तिथेही एकेक अक्षर ओळखत बसलात तर संपलात, शब्द धरून वाचावं लागतं.
अवांतर: दगडांवर रेघोट्यांची जी लिपी असते ती हीच का?

केरी_कट्टा
नाही, ती ऑगम. दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहिलेली, मुख्यतः चौथ्या ते सहाव्या शतकातली. लॉकेटवर ऑगम दिसली तर ते पर्यटकांच्या दुकानातलं समजावं.

चहाटळ
आयर्लंडशी आपलं नातं मालवण तालुक्यातल्या वराड गावापुरतं आहे असं वाटलं होतं. वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा वाटलेले पेढे अजून पचले नाहीत, आणि आता हे.

वैदेही_ठाणे
मुलाने आठ फोटो पाठवले. टिंबं आहेत! ओरखडे समजत होतो ते. पहिल्या ओळीत बीवर आणि मधल्या जीवर. दुसऱ्या ओळीत जी-आर-ए-डीच्या डीवर. तिसऱ्या ओळीत एस-ई-ए-एनच्या एसवर. तिरक्या रेघा: ग्रादच्या एवर, एकट्या ओवर, एस-ई-ए-एनच्या एवर. बाकी कुठे दिसत नाहीत.

केरी_कट्टा
झालं काम. आता वाचू.

दो व्रीद / ले ग्रा अगस मास / ओ ह्यॉन, नॉलिग १९१७.
'ब्रीदला, प्रेम आणि आदरासह, शॉनकडून. नाताळ १९१७.'

म्हणजे 'ब्रीद ओ शॉन' असं कोणाचं नाव नाही. दोन माणसं आहेत, आणि मध्ये तुम्ही वगळलेली एक आख्खी ओळ आहे.

पुरावा एसवरच्या टिंबात आहे. आयरिशमध्ये 'ओ' दोन प्रकारचा. एक आडनावातला, त्याच्यापुढच्या व्यंजनावर टिंब येत नाही (ओ सूलिवॉन, एस शाबूत). स्वर आला तर मध्ये एच येतो, एवढंच. दुसरा 'ओ' म्हणजे 'कडून', त्याच्यापुढचं व्यंजन मऊ होतं. शॉनचा ह्यॉन झालाय, म्हणजे हा 'कडून'. दुसरा पुरावा त्याहून सोपा: आयरिशमध्ये बाईच्या आडनावात 'ओ' नसतोच. मुलगी असेल तर 'नी', सून असेल तर 'बान ई'.

तुमचा ७ हा आकडा नाही. ती 'आणि'ची खूण आहे, रोमन लघुलेखनातून आलेली. ताळा करायचा असेल तर १९१७ मधल्या सातशी ताडून बघा. हात एकाच कारागिराचा आहे. सालातला सात ओळीवर बसेल, 'आणि'चा पाय ओळीखाली उतरेल.

शब्दच्छल
थांबा. 'दो' म्हणजे 'तुझा/तुझी' असाही अर्थ होतो ना? आणि त्यानंतरही व्यंजन मऊच होतं. मग 'तुझी ब्रीद, प्रेम आणि आदरासह' असं का नको? तिने त्याला दिलं असेल.

केरी_कट्टा
शंका रास्त आहे. पण मग 'ओ ह्यॉन'चं काय करणार? 'शॉनकडून' तिथे उभं आहे. तिने दिलं असतं तर 'ओ दो व्रीद', म्हणजे 'तुझ्या ब्रीदकडून' असं आलं असतं आणि शॉनच्या आधी 'दो' असता. 'दो… ओ…' ही भेटवस्तूवरची नेहमीची जोडी, आपल्या 'चि. अमुक यांस, तमुककडून' सारखी. शिवाय लॉकेट बाईच्या घराण्यातून आलंय.

शब्दच्छल
मान्य. पण कोशात 'ग्राद' आणि 'नोदलैग' दोन्ही सापडत नाहीत, तुम्ही कुठून काढले?

केरी_कट्टा
आजच्या कोशात सापडणार नाहीत. शुद्धलेखन १९४५ आणि १९४७ मध्ये सरकारी भाषांतर विभागाने सोपं केलं, १९५८ मध्ये व्याकरणासकट प्रमाण ठरवलं. त्या वेळी न उच्चारली जाणारी अक्षरं उडवली. टिंबवाल्या डीचा 'ग्रा' आता नुसता जी-आर-ए (एवर रेघ). डी-एलचा 'नॉलिग' आता दोन एलचा. ब्रीदच्या पोटातला टिंबवाला जी गेला आणि आयवर रेघ आली.
म्हणून जुन्या मजकुरासाठी डिनीनचा १९२७ चा कोश उघडायचा, तो जुन्या वळणात आणि जुन्या लेखनातच छापलाय. शब्द तिथे ओळखायचा, मग नव्या लेखनात बदलून ओ डोनलच्या १९७७ च्या कोशात अर्थ पक्का करायचा. भाषांतराच्या ॲपला जुनं लेखन थेट देऊ नका. टिंबाच्या जागी एच घालून, नव्या लेखनात आणून दिलं तर बरं उत्तर येतं.

एक सावधगिरी. 'नॉलिग' म्हणजे नाताळ आणि डिसेंबर महिनाही. साल आहे, तारीख नाही, त्यामुळे दोन्ही चालेल.

निवडुंग
वाचनखूण साठवली. आजेसासऱ्यांच्या बिदरी छडीवरचं अक्षर आता टॉर्चने बघणार.

टांकसाळ
शिक्के राहिले. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या कसोटी कार्यालयाचा शिक्का, १७७३ पासूनचा. त्या शहराला समुद्रच नाही! चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. एक अक्षर म्हणजे साल, आणि दोन अक्षरांचा शिक्का बनवणाऱ्याचा. डब्लिनला तपासलं असतं तर मुकुटवाली हार्प (तंतुवाद्य) आणि बसलेली हायबर्निया, म्हणजे स्त्रीरूपातलं आयर्लंड, दिसली असती. आयर्लंडमधल्या सराफांकडे बर्मिंगहॅमचा माल सर्रास असायचा, त्यामुळे यात नवल नाही.
सालाचं अक्षर वाचताना नुसतं अक्षर बघू नका. वर्णमाला पुन:पुन्हा फिरते, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार दोन्ही तक्त्याशी जुळले पाहिजेत. त्या काळी ते अक्षर वर्षाच्या मध्यावर बदलायचं, जानेवारीत नाही. आणि ते तपासणीचं साल, खोदकामाचं नव्हे. लॉकेट दुकानात दोन वर्षं पडून असेल.

वैदेही_ठाणे
मुलगा म्हणतो ७ बरोबर, एक ओळीखाली उतरलाय.
आता झाकणाची आतली ओळ. गोल असल्यामुळे कुठून सुरू करायची कळत नाही. मी वाचली ती अशी: डी-ई, जी-ओ, आर-ए-आय-बी, ए, ए-एन-ए-एम, १९२३, ए-आर, डी-ई-आय-एस. टिंबं बीवर आणि शेवटच्या डीवर. ॲप म्हणतं 'देवाच्या संधीवर'.

चहाटळ
संधी देवाची, सोनं विहीणबाईंचं.

केरी_कट्टा
ॲपचा दोष अर्धाच. 'देश' (डी-ई-आय-एस) म्हणजे उजवी बाजू आणि संधीसुद्धा. गोल ओळीत साल शेवटी येतं, म्हणजे सुरुवात १९२३ च्या लगेच पुढे. तिथे बारीक क्रूस असेल बघा.
वाक्य आहे: एर येश जे गो रेव अ अनम. 'त्याचा आत्मा देवाच्या उजव्या हाताशी असो.' आयरिश थडग्यांवर नेहमी दिसणारी प्रार्थना.

आणि इथे तुमच्या घरातली दुसरी समजूतही गडबडते. आयरिशमध्ये 'अ' म्हणजे त्याचा, तिचा आणि त्यांचाही. फरक पुढच्या शब्दात दिसतो. 'अनम' स्वराने सुरू होतो. त्याचा: अ अनम. तिचा: अ हनम, एच येतो. त्यांचा: एन येतो. तुमच्या ओळीत एच नाही. म्हणजे ही प्रार्थना पुरुषासाठी आहे, पणजीसाठी नव्हे.

शब्दच्छल
एका एचवर माणसाचा मृत्यू ठरवताय. खोदणाऱ्या सराफाला आयरिश येत असेलच असं नाही. विसरला असेल तर? झिजला असेल तर?

टांकसाळ
विसरणं शक्य आहे, झिजणं तपासता येतं. झाकणाच्या आतली बाजू कपड्याला घासत नाही, तिथली झीज कमीच असते. आणि एच खोदला असेल तर त्याला जागा लागली असेल, त्या काळी तो जोडरेघेसकट लिहायचे. दोन 'ए'मधलं अंतर बाकीच्या शब्दांमधल्या अंतराशी ताडून बघा. फोटोत एक पट्टी ठेवा.

केरी_कट्टा
शब्दच्छल यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. चुकीचं आयरिश खोदलेल्या वस्तू कमी नाहीत. पण या कारागिराने पाठीवरची चारही टिंबं बरोबर दिलीत, 'आणि'ची खूण दिलीय. आतली ओळ दुसऱ्या हाताची असू शकते, सहा वर्षांचं अंतर आहे. तिथली दोन्ही टिंबंही बरोबर आहेत. पूर्ण ओळीत १९ अक्षरं. एवढं नेटकं देणारा नेमका तोच एच गाळेल का?

वैदेही_ठाणे
पट्टी ठेवून फोटो आला. शब्दांमधली अंतरं सगळीकडे साधारण दीड मिलिमीटर, 'अ' आणि 'अनम' मध्येही तेवढंच. एच मावायला जागाच नाही. चारही बाजूंच्या टॉर्चमध्ये तिथे सपाट चांदी. १९२३ नंतर बारीक क्रूस आहे. आतली अक्षरं जरा अरुंद आहेत आणि जीची शेपटी वेगळी, म्हणजे हात दुसराच दिसतो.
मग १९२३ मध्ये शॉन वारला असं सांगू का विहीणबाईंना?

केरी_कट्टा
घाई नको. लॉकेट एवढंच सांगतं की १९२३ शी जोडलेला एक पुरुष. शॉन असण्याची शक्यता मोठी, पण भाऊ किंवा वडीलही असू शकतात. कागद बघा.

आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म-मृत्यूची नोंद १८६४ पासून आहे. सरकारी वंशावळ संकेतस्थळावर पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि शंभर वर्षांपूर्वीचे जन्म यांच्या पानांची चित्रं फुकट दिसतात. मृत्यूपासून सुरू करू नका. त्या नोंदीत आईवडिलांची नावं नसतात आणि केरीत १९२३ साली वारलेले 'जॉन' ढीगभर निघतील. विवाहापासून सुरू करा, तिथे दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात.

नावं इंग्रजीत शोधायची. शॉन म्हणजे जॉन. ब्रीद म्हणजे ब्रिजेट, पण डीलिया किंवा ब्रायडीही बघा. पुढे घराण्यातली इतर नावं लागली तर सरळ उच्चारावर जाऊ नका: टायग कागदावर टिमथी होतो, डिअरमिड होतो जेरेमाया, गॉबनेट होते ॲबिगेल किंवा डेबोरा. जनगणनेत मात्र उलटं होऊ शकतं. १९११ चा तक्ता काही घरांनी आयरिशमध्ये भरला, मग सूचीतही आयरिश नावच लागतं. त्यात 'आयरिश भाषा' असा रकाना आहे, ब्रीदच्या घरात ती बोलली जात होती का तेही कळेल.

निवडुंग
लग्न कुठल्या महिन्यापासून शोधायचं?

केरी_कट्टा
नाताळचं लॉकेट वाङ्निश्चयाचं असेल असं धरलं (धरलं, सिद्ध नाही), तर १९१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीपासून. नाताळाआधीचे चार आठवडे आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांत कॅथलिक लग्नं सहसा लावत नसत, आपल्या चातुर्मासासारखं. मधल्या फटीत लग्नांची झुंबड. १९१८ चा उपवासकाळ १३ फेब्रुवारीला सुरू झाला, त्यामुळे त्याच्या आधीचे आठवडे आधी चाळा. तिथे नाही मिळालं तर एप्रिलपासून पुढे.

शब्दच्छल
आणि ब्रीद १९२३ नंतर जिवंत होती हे कसं कळणार?

केरी_कट्टा
१९२१ ला जनगणना झालीच नाही, स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. पुढची १८ एप्रिल १९२६ ची. शंभर वर्षं पूर्ण झाली की ती खुली होते, म्हणजे एप्रिल २०२६. त्यात ब्रिजेट 'विधवा' म्हणून सापडली तर आतली ओळ शॉनची असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. 'विवाहित' निघाली तर दुसरा पुरुष शोधा.
१९२३ साल आहे म्हणून आणखी एक. यादवी युद्ध त्या वर्षी मे महिन्यापर्यंत चाललं आणि केरीत फार कडवट झालं. सैनिकी अभिलेखागाराने निवृत्तिवेतनाच्या फायली इंटरनेटवर ठेवल्यात, त्यात मृतांच्या नातलगांचे अर्जही आहेत. लग्नाच्या नोंदीतून आडनाव मिळाल्याशिवाय तिथे जाऊ नका, नुसत्या 'जॉन'वर हरवून जाल.

वैदेही_ठाणे
विवाहाच्या नोंदी मुलगा आज रात्रीपासून बघतोय. टूथपेस्टची ट्यूब विहीणबाईंनी परत बाथरूममध्ये ठेवली.

चहाटळ
ते सगळं ठीक. पण मग खलाशी कोण होता?

टांकसाळ
बर्मिंगहॅम.